चिऱ्याच्या घरातलं जुनं न्हाणीघर: साठ हजारांत, खालपासून

आमच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागच्या भिंतीला पांढरी पूड फुटायची. बोटाने पुसली की मिठासारखी हाताला लागायची आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा उगवायची. नुसती पावसाळ्यात फुटली असती तर कौलांना दोष दिला असता, पण ऐन वैशाखातही ती थांबत नव्हती. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर. चाळीस वर्षांपूर्वीचं, सहा बाय पाच फुटांचं, खाली शहाबादी फरशी, चिऱ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा.

पहिल्या खेपेला आम्ही जुन्या फरशीवरच नवी लादी बसवून घेतली. आठवड्यात काम उरकलं, दिसायलाही छान दिसलं. दोन पावसाळे गेले आणि डब्यामागे पूड परत आली. लाद्याही पायाखाली पोकळ वाजू लागल्या. पाणी खाली मुरत होतं तसंच मुरत राहिलं, फक्त लादीमुळे ते आम्हाला दिसेनासं झालं. दुसऱ्या खेपेला सगळं उकरून खालपासून केलं. तेव्हा हातात साठ हजार रुपये होते, आणि सासूबाईंचे गुडघे धरल्यामुळे अंगणापलीकडचा संडासही आत आणायचा होता. मालवणकडच्या आमच्या गावात त्या कामातून जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते: चिऱ्याच्या घरात न्हाणीघराचा पैसा पहिल्यांदा लादीच्या खाली घालायचा. नळ, आरसा, रंग पुढे कधीही बदलता येतात. लादीखाली राहिलेली चूक काढायची तर सगळं पुन्हा तोडावं लागतं.

तोडण्याआधी पाणी कुठे जातंय ते शोधा

चिरा म्हणजे जांभा दगड, आणि जांभा सच्छिद्र. एका बाजूने पाणी मिळालं की तो ते ओढून घेतो, वर चढवतो आणि दुसऱ्या बाजूला सोडतो. पाणी वाळतं आणि त्यातले क्षार पूड होऊन मागे राहतात. त्यामुळे ओल जिथे दिसते तिथेच गळती असेल असं नाही. आम्ही तीन साध्या परीक्षा केल्या, तिन्ही फुकटच्या.

रात्री टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खडूने खूण केली, घरात कुणी पाणी वापरायचं नाही असं ठरवलं आणि सकाळी बघितलं. पातळी उतरली असेल तर नळाचा पाईप कुठेतरी गळतो आहे. आमची उतरली नव्हती.

मग मोरीच्या भोकात ओल्या फडक्याचा बोळा घट्ट कोंबून दोन बोटं पाणी साठवलं आणि चार तास ठेवलं. पाणी स्पष्ट उतरलं. फरशीच्या सांध्यांतून जमीन पाणी पीत होती.

तिसऱ्या परीक्षेत बोळा काढून नीळ घातलेलं पाणी मोरीत ओतलं आणि बाहेर पाईपच्या तोंडाशी रिकामी बादली धरली. दोन बादल्या ओतल्या, बाहेर दीडच आली. अर्धी बादली वाटेतच मुरली. पुढे खणल्यावर कारण सापडलं. जुन्या पाईपचे सांधे सुटले होते आणि त्यांतून माडाची मुळं आत शिरून त्यांचा ब्रशसारखा झुपका झाला होता.

ओल फक्त पावसात येत असेल तर आधी कौलं, पागोळीचं पाणी आणि जोत्याशी साचणारं पाणी बघा. न्हाणीघर तोडून त्यातलं काहीच थांबणार नाही.

काम कधी काढायचं

दिवाळी झाल्यावर काढा आणि शिमग्याच्या आत संपवा. किनाऱ्यावर पावसाळ्यात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या हवेत चिरा वाळत नाही आणि ओल्या भिंतीवर कोटिंग धरत नाही. घरात ठेवलेल्या सिमेंटच्याही गुठळ्या होतात. शिमग्यानंतर आंब्याचा हंगाम सुरू झाला की बिगारी बागांत जातात, गवंडी आज येतो-उद्या येतो करतात आणि विहिरीचं पाणी तळाला जातं. सिमेंटच्या कामाला रोज पाणी मारायचं असतं, ते मग कुठून आणणार? मे महिन्यात तर चाकरमानी येतात आणि घरात दहा माणसं असतात.

निदान तीन-चार आठवडे धरून चाला. तोवर अंघोळीसाठी मागीलदारी झावळ्यांचा आडोसा आणि पायाखाली चार चिरे एवढं आधीच करून ठेवा.

पैशांची वाटणी

साठातले सहा हजार पहिल्याच दिवशी बाजूला काढले. जुनं बांधकाम उघडलं की काहीतरी निघतंच, आमच्याकडे माडाची मुळं निघाली. उरलेल्यातला जवळजवळ निम्मा पैसा तोडणं, पाईप, गिलावा आणि वॉटरप्रूफिंगला गेला. पाव हिस्सा लादी आणि ती बसवण्याची मजुरी. कमोड, नळ, दार आणि दिवाबत्ती उरलेल्या पाव हिश्शात बसवली. दुकानात गेलं की हात याच्या उलट चालतो. चकचकीत नळ आधी घेतले जातात आणि वॉटरप्रूफिंगच्या वेळी "जरा कमीत बघा" म्हटलं जातं. म्हणून गवंड्याबरोबर बसून खालच्या कामाचा हिशोब पक्का केल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

तोडताना

जुन्या घरांत चिऱ्यांमधला दरजा, म्हणजे सांध्यांतला भराव, बऱ्याचदा मातीचा असतो. अशा भिंतीवर तोडायचं मशीन लावलं तर आतले सांधे हलतात. छन्नी-हातोड्यानेच गिलावा काढून घ्या, दोन दिवस जास्त लागले तरी चालतील. शहाबादी फरशा शक्य तेवढ्या अखंड काढा. आमच्या पाच निघाल्या, त्या मागच्या दगडी डोणीशेजारी कपडे धुवायला बसवल्या. राडारोडा बाहेर टाकायला पैसे मोजू नका, पाणंदीतल्या खड्ड्यांत तो कामी येतो.

मातीच्या दरज्याच्या भिंतीत पाईप लपवण्यासाठी खोल खाचा मारायलाही मी मनाई केली. थंड पाण्याला यूपीव्हीसी आणि गरम पाण्याला सीपीव्हीसी पाईप भिंतीवरूनच, क्लिपा मारून सरळ रेषेत नेले. ते दिसतात, पण उद्या सांधा गळला तर लादी न फोडता दुरुस्त होतो, खर्चही कमी. टाकी फार उंच नसेल तर टाकीपासून न्हाणीघरापर्यंत एक इंची पाईप आणा आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या नळापाशी करा. दहा फूट उंचीला जेमतेम ०.३ बार दाब मिळतो. तेवढ्यात मोठा शॉवर नीट चालत नाही, बादली मात्र झटकन भरते. आम्ही शॉवर घेतलाच नाही.

निचरा

अंघोळीचं पाणी आणि संडासाचं पाणी वेगळंच ठेवा. साबणाचं पाणी सेप्टिक टाकीत सोडलं तर टाकी लवकर भरते आणि मैला कुजायला पुरेसा वेळ मिळत नाही. अंघोळीचं पाणी तीन इंची पाईपने माडाच्या आळ्यात किंवा केळीत न्या, पण घराच्या जोत्यापासून दूर. संडासाला चार इंची पाईप, फुटाला पाव इंच उतार. पाईप जिथे वळतो तिथे झाकणाचं चेंबर बांधून घ्या, तुंबलं तर तिथूनच काढता येतं. सेप्टिक टाकीतून येणारं पाणी जिरवणारा शोषखड्डा विहिरीपासून किमान साठ फूट लांब हवा. जांभ्याच्या भेगांतून पाणी वेगाने उतरतं, त्यामुळे जागा असेल तर आणखी लांब, आणि विहिरीच्या उताराकडच्या बाजूला. सेप्टिक टाकीच्या हवेच्या पाईपला वर बारीक जाळी बांधा, नाहीतर डास तिथेच वाढतात.

जमिनीवरच्या भोकाला नुसती जाळी पुरत नाही. खाली नहाणी ट्रॅप हवा. त्यात दोन इंच पाणी कायम साठून राहतं, त्यामुळे पाईपमधला वास आणि झुरळं वर येत नाहीत.

कमोड आधी विकत आणा आणि मग भोक पाडा. बाहेरच्या भिंतीला लागून बसणार असेल तर पी-ट्रॅपचा घ्या. त्याचा पाईप भिंतीतून सरळ बाहेर जातो, जमीन खणावी लागत नाही. गवंड्याने अंदाजाने पाडलेलं भोक आणि दुकानातून आलेल्या भांड्याचं तोंड जुळलं नाही की सगळं अडतं.

पाणी अडवणं

या कामात घाई करू नका, आणि या दिवसांत घरातलं कुणीतरी समोर उभं राहा.

वाळूपासून सुरुवात. खाडीची वाळू स्वस्त मिळते, पण तिच्यात मीठ असतं. त्या मिठाने गिलाव्यालाही पूड फुटते आणि आतलं लोखंड गंजतं. चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकलीत की लगेच कळतं. खारट लागली तर परत पाठवा. नदीची धुतलेली वाळू किंवा क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, घ्या. सिमेंट कामापुरतंच आणा. आम्हाला सगळं मिळून आठ पोती लागली, ती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचली.

आमचे गवंडी साठीच्या घरातले. गिलाव्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी भिंतीवर मगाने पाणी मारायला घेतलं. पहिला मग मारला तर भिंत क्षणभर काळपट झाली आणि बघता बघता पुन्हा कोरडी लाल. दुसरा, तिसरा, तसंच. मी विचारलं, "काका, किती मारायचं?" ते म्हणाले, "वयनी, चिरो पाणी पिता. तेका आधी पोटभर पाजूक व्हया, नायतर तो मालातला पाणी पितलो." सातव्या-आठव्या मगाला पाणी भिंतीवरून ओघळून खाली आलं तेव्हा ते थांबले. सकाळी हलकंसं पुन्हा मारलं आणि वरचं पाणी ओसरल्यावर गिलावा चढवला. कोरड्या चिऱ्यावर लावलेल्या मालातलं पाणी दगड शोषून घेतो, सिमेंट नीट धरत नाही आणि महिन्याभरात गिलावा पोकळ वाजतो. आमच्या जुन्या भिंतीवर चमचा आपटला की तसाच आवाज यायचा.

गिलाव्याचा माल एकास चार. त्यात वॉटरप्रूफिंगचं द्रावण, पन्नास किलोच्या पोत्याला साधारण २०० मिलिलिटर, पण डब्यावर लिहिलेलं प्रमाण बघूनच. जमिनीवर आधी काँक्रीटचा थर आणि त्याच थरात उतार. पाच फुटांत पाऊण इंच उतार हवा, सगळा नहाणी ट्रॅपकडे. न्हाणीघराची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा निदान एक इंच खाली ठेवा आणि दारात कडाप्पाचा उंबरा बसवा. भिंत आणि जमीन जिथे भेटतात तो काटकोन तसाच सोडू नका. तिथे मालाची गोलाई मारून घ्या, कारण पहिली चीर त्याच कोपऱ्यात जाते.

गिलावा आणि काँक्रीटवर सात दिवस पाणी मारा. मग दोन दिवस सुकू द्या आणि दोन घटकांचं सिमेंट-अ‍ॅक्रिलिक कोटिंग ब्रशने लावा. त्यात एक पावडर आणि एक दुधासारखं पांढरं द्रावण असतं, दोन्ही दिलेल्या मापातच मिसळायचं, वरून पाणी घालायचं नाही. पहिला हात आडवा. तो सुकला की दुसरा उभा, म्हणजे ब्रशच्या रेघांत राहिलेली बारीक भोकं बुजतात. गोलाईवर आणि पाईपभोवती पहिल्या हातातच फायबरच्या जाळीची पट्टी दाबून घ्या. जमिनीवर पूर्ण, सगळ्या भिंतींवर एक फूट आणि अंघोळीच्या कोपऱ्यात माणसाच्या उंचीएवढं.

कोटिंग डब्यावर लिहिलेल्या दिवसांइतकं सुकलं की परीक्षा. ट्रॅपचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि ४८ तास ठेवा. हवेत उडून केसभर कमी होईल, तेवढं चालेल. त्याहून जास्त उतरलं किंवा पलीकडच्या भिंतीला ओल दिसली तर लादीला हात लावू देऊ नका. आमच्याकडे पहिल्या परीक्षेत अर्धा इंच उतरलं. ट्रॅपच्या कडेला जाळी नीट बसली नव्हती. तेवढाच भाग पुन्हा केला, आणखी दोन दिवस गेले. गवंडी थोडे नाराज झाले, पण त्या दोन दिवसांचं मला आजही समाधान वाटतं.

लादी

भिंतीला छतापर्यंत लादी लावायची हौस आवरा. आमचा हिशोब असा: चारही भिंती मिळून २२ फूट, सात फूट उंचीपर्यंत लावली तर दार वजा जाता १३६ चौरस फूट. आम्ही अंघोळीच्या बाजूचे ११ फूट सात फुटांपर्यंत घेतले आणि बाकी चार फुटांपर्यंत. एकूण १११ भरले, म्हणजे २५ चौरस फुटांची लादी आणि मजुरी वाचली. शिवाय वरचा गिलावा उघडा राहिला, त्याला चुना दिला. भिंतीत थोडी दमट हवा राहिलीच तर ती तिथून बाहेर पडते.

तुटफुटीला दहा टक्के जास्त घ्या, आणि उरलेल्या चार-पाच लाद्या माळ्यावर जपून ठेवा. तोच रंग पुढच्या वर्षी मिळेल याचा भरवसा नसतो. गुजरातेतल्या मोरबीहून येणाऱ्या लाद्यांत दुकानदारांकडे मागच्या मालाची शिल्लक राहते. आपल्याला तीस-चाळीस चौरस फूटच हवी असते, त्यामुळे जमिनीची लादी त्यात निम्म्या भावात मिळू शकते. मात्र ती खरबरीतच हवी. दुकानात एक लादी ओली करून, साबण लावून अंगठा घासून बघा. लहान, एक बाय एक फुटाची घ्या, मोठ्या लादीला चारही बाजूंनी उतार देता येत नाही.

बसवताना प्रत्येक लादीच्या मागे माल पूर्ण भरला आहे ना ते बघा. चार कोपऱ्यांत गोळे ठेवून दाबलेली लादी मधे पोकळ राहते आणि पाणी तिथेच साचतं. जमीन बसली की सुकायच्या आत एक मग पाणी ओता. सगळं पाणी आपणहून ट्रॅपकडे गेलं पाहिजे, कोपऱ्यात बशीएवढंही थांबता कामा नये. सांधे पांढऱ्या सिमेंटऐवजी ग्राउटने, म्हणजे लादीचे सांधे भरायच्या तयार मालाने, भरा. पांढरं सिमेंट दोन वर्षांत काळं पडतं आणि झिजतं.

खाऱ्या वाऱ्यात टिकणाऱ्या वस्तू

समुद्र जवळ असला की स्वस्त क्रोमच्या नळावर वर्षभरात हिरवट ठिपके येतात. पैसे कमी असतील तर चांगल्या जातीचा प्लॅस्टिकचा, पीटीएमटीचा नळ घ्या. तो गंजत नाही आणि वॉशर बदलून बरीच वर्षं चालतो. बिजागऱ्या, स्क्रू, कडी ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलची मागून घ्या. चुंबक लावून खात्री होत नाही, हलक्या २०२ स्टीललाही तो चिकटत नाही, म्हणून बिलावर लिहून घ्या. लाकडी दार खालून कुजतं. चौकट कडाप्पाची आणि दार पीव्हीसीचं करा, आणि ते बाहेर उघडेल असं लावा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं.

सासूबाईंसाठी कमोडशेजारी धरायचा दांडा हवा होता. चिरा मऊ असतो, त्यात प्लगवर कसलेला स्क्रू माणसाचं वजन पेलत नाही. म्हणून गिलाव्याच्या आधीच त्या जागेचा चिरा कोरून काँक्रीटचा ठोकळा भरून घेतला आणि दांडा त्यात बसवला. गीझरच्या जागीही तसंच केलं. पाण्याने भरलेला पंधरा लिटरचा गीझर पंचवीस किलोच्या आसपास जातो.

गीझरला १६ अँपियरचा वेगळा पॉइंट आणि ४ चौरस मिलिमीटरची वायर लागते. बटण न्हाणीघराच्या बाहेर. घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारं बटण) नसेल तर गीझर आणण्याआधी ते बसवा, आणि अर्थिंग उन्हाळ्यात तपासून घ्या, कारण जांभ्याची जमीन तेव्हा कोरडी ठक्क असते. गॅस गीझर न्हाणीघरात अजिबात लावू नका. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही. आमच्याकडे वीज गेली की मागीलदारी बंब आहेच, करवंट्या आणि सोडणांवर (नारळाच्या सालांवर) पेटतो.

वर झरोका असेल तर तो बुजवू नका. आम्ही काचेच्या पट्ट्यांची खिडकी लावली, आतून मच्छरदाणीची जाळी. पंख्याचा खर्च वाचला.

पलीकडची भिंत

न्हाणीघर झालं म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीला लगेच रंग देऊ नका. चिऱ्यात आधीच मुरलेलं पाणी बाहेर यायला महिने लागतात. खराब गिलावा चिऱ्यापर्यंत काढा आणि फुटणारी पूड कोरड्या ब्रशने झाडून सुपात गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतलीत तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. आमची भिंत पौषात उघडी केली. पहिले दोन महिने दर आठवड्याला वाटीभर पूड निघायची, मग चमचाभर. एक पावसाळा तिने तशीच लाल, उघडी काढली. दिवाळीत हात फिरवला तर बोट कोरडं आलं, तेव्हा गिलावा केला, चुना दिला आणि तांदळाचा डबा जागेवर ठेवला.